मोराच्या मागची बाजू

एकादशी पंढरपूरची आणि द्वादशी बार्शीची, हा आमच्या गावाचा जुना हिशेब. पंढरीला विठ्ठल भेटला की वारकऱ्यांची पावलं आमच्या भगवंताच्या देवळाकडे वळतात आणि घरी दोन-चार माणसं उतरतात. म्हणून ज्येष्ठ सरता सरता आई घर झाडायला काढते. यंदा माजघराच्या भिंतीवरची एक चौकट उतरवताना तिची तार तुटली. चौकट फरशीवर आदळली आणि काचेचे तुकडे थेट देवघराच्या उंबऱ्यापर्यंत गेले.

त्या चौकटीत माझ्या आत्यानं शाळेत असताना भरलेलं मॅटीचं कापड आहे. वरच्या ओळीत इंग्रजी ए ते झेड. त्याखाली एक ते दहा आकडे, देवनागरीत. मधोमध लांब पिसाऱ्याचा मोर, मोराखाली 'सुस्वागतम्', आणि सगळ्यांत खाली बारीक अक्षरांत 'कु.', मग तिचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, इयत्ता ७ वी, १९५८.

आत्या नेमकी त्याच आठवड्यात सोलापूरहून माहेरपणाला आली होती. एकोणऐंशीची आहे. हायस्कुलात तीस वर्षं गणित शिकवलं तिनं. आई चौऱ्याहत्तरची, माहेर परांड्याचं, आणि नोकरी शिवणाच्या शिक्षिकेची. एक गणिताच्या बाई, एक शिवणाच्या बाई, त्यातून नणंद-भावजय. पन्नासहून जास्त वर्षं दोघी एकमेकींना 'वन्सं' आणि 'वहिनी' म्हणत वाद घालत आल्या आहेत. काचा उचलून झाल्या, आई पक्कड घेऊन बसली. कापड मागच्या फळीवर बारीक चुकांनी ठोकलेलं होतं. एकेक चूक ती उपटत होती आणि बोलणं सुरू झालं ते माझ्यामुळे.

मी : आत्या, हे आता असंच परत भिंतीवर नको. नीट जपायला हवं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये असली कापडं शेकड्यांनी ठेवली आहेत. सॅम्पलर म्हणतात त्यांना. त्यांच्याकडे १५९८ सालचं आहे, जेन बॉस्टॉक नावाच्या बाईनं भरलेलं. आणि अमेरिकेत तर शाळकरी मुलींच्या कापडांचे लिलाव होतात. २०१२ साली न्यूयॉर्कला १८०७ सालचं एक कापड दहा लाख डॉलरच्या वर गेलं.

आत्या : भरणाऱ्या पोरीला त्यातले किती मिळाले?

मी : ती केव्हाच गेली असेल गं.

आत्या : मग झालं तर. मोर टाकून दे. चौकट सागवानी आहे, तेवढी ठेव.

आई : टाकायचा कशाला? इतक्या वर्षांत एक टाका हललेला नाही. बघ, सगळ्या फुल्यांचा वरचा पाय एकाच बाजूला. बारा-तेरा वर्षांच्या मुलीचं काम आहे हे.

आत्या : बारा-तेरा वर्षांच्या मुलीला दुसरं काम नव्हतं म्हणून. वहिनी, तू शिकवायला बसलेली आहेस या बाजूनं. मी शिकायला बसले होते. शनिवारची सकाळची शाळा, शेवटचे दोन तास शिवण. त्याच दोन तासांत पलीकडच्या वर्गात मुलांना गणिताचे जादा तास. खिडकीतून मास्तरांचा आवाज यायचा. हातात सुई, कान तिकडे. पुढे मॅट्रिकला तर वर्गातल्या बऱ्याच जणींनी बीजगणित-भूमिती सोडून अंकगणित आणि फिजिऑलॉजी-हायजीन घेतलं. मी घेतलं नाही, म्हणून आमच्या दादांना शाळेत बोलावणं आलं होतं.

आई : म्हणजे तुम्ही गणित शिकलातच ना?

आत्या : शिकले. खिडकीतून शिकले. इंग्लंडात १८६२ साली नियम झाला, अनुदान हवं असेल तर मुलींना साधं शिवण शिकवलंच पाहिजे. आणि पुढचं ऐक. मुलींचा वेळ सुईत जातो, तेव्हा त्यांचं गणित तपासताना साहेबांनी जरा हात सैल सोडावा, अशीही मुभा तिथं दिली गेली. निवृत्त झाल्यावर हे वाचलं आणि पुस्तक मिटून अर्धा तास नुसती बसून होते. मुलींना गणित येत नाही असं पुढं शंभर वर्षं म्हणत राहिले. पेपर सैल कुणी तपासले, ते कुणी सांगितलं नाही.

आईनं पकडीत आलेली चूक वाटीत टाकली. तांब्याच्या वाटीत तिचा आवाज झाला. उत्तर द्यायच्या आधी ती नेहमी एवढाच वेळ घेते.

आई : वन्सं, 'सुस्वागतम्' किती घरांचं आहे?

आत्या : काय माहीत.

आई : मी सांगते. सु आठ घरं, स्वा चौदा, ग आठ, त सात, म सात. चव्वेचाळीस. मॅटीची मधली उभी रेघ शोधायची, बावीस इकडे, बावीस तिकडे, आणि मधून बाहेर भरत जायचं. डावीकडून सुरुवात केली आणि एक घर चुकलं, तर 'म' कडेला जाऊन धडकतो. इंग्रजी अक्षर सोपं हो. सात घरांच्या उंचीत बसतं आणि गप्प राहतं. आपल्या अक्षराला डोक्यावर शिरोरेषा, उकाराला खाली जागा, वेलांटीला वर जागा, आणि वेलांटीची गोलाई चौकोनांत बसवायची म्हणजे जिन्यासारखी पायरी पायरीनं उतरवावी लागते. जोडाक्षराचं तर विचारूच नका. 'स्व'मधला अर्धा स किती घरांचा ठेवायचा, हे कुठल्या छापील पुस्तकात नव्हतं. आमच्या बाईंनी स्वतः काढलेलं, त्यावरून मी काढलं, माझ्यावरून माझ्या मुलींनी. मी मुलींना शिवणाच्या तासाला कुठली वही आणायला सांगायचे, माहीत आहे? गणिताची. चौकडीची.

आत्या : तीच तर तक्रार आहे. चौकडीच्या वहीत मुलांनी आलेख काढले, आम्ही मोर काढले.

मी : आणि मोरही मूळचा चौकडीच्या कागदावरचाच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये असे कागद छापायला लागले. एक घर म्हणजे एक टाका, घरागणिक रंग. ते कागद जगभर गेले. कुत्र्याचं पिल्लू, गुलाबाचा गुच्छ, पोपट, सगळं त्याच पद्धतीचं.

आत्या : घ्या. मोर आपला, पण बार्शीत आला तो बर्लिनची वाट धरून.

आई : आला कसाही असेना, इथं येऊन त्याच्या पायाखाली 'सुस्वागतम्' लिहिलं ना आपण?

आत्या : वर ए-बी-सी-डी आहे, ते?

ए-बी-सी-डीबद्दल मला ठाऊक होतं ते मी सांगितलं. विलायतेत मुलींकडून बाराखडी भरून घेण्यामागे व्यवहार होता. घरातल्या चादरी, टॉवेल, अंगरखे धुवायला गेले की मिसळू नयेत, म्हणून प्रत्येकावर मालकाची आद्याक्षरं आणि नग क्रमांक बारीक फुल्यांनी भरत. गरीब घरची मुलगी मोलकरीण म्हणून ठेवताना तिला हे येतं की नाही हे पाहिलं जाई. म्हणून अक्षरं, म्हणून आकडे. शाळेतलं कापड हा त्या कामाचा सराव.

आई : आपल्याकडे ते काम बिब्बा करायचा. परीट बिब्ब्याच्या तेलानं कोपऱ्यात खूण घालायचा, ती कापड फाटलं तरी जायची नाही.

मी : म्हणून तर इंग्रजांनी बिब्ब्याचं नावच मार्किंग नट ठेवलं.

आत्या : म्हणजे ज्या कामासाठी ही अक्षरं भरायची, ते काम आपल्याकडे परटाचं बी पैशाच्या भावात करत होतं. आणि आम्ही सव्वीस अक्षरं डोळे फोडून भरत होतो. कशासाठी? पोरगी शाळेत गेली होती, हे रुखवतात दिसावं म्हणून.

आई : रुखवताला नावं ठेवू नका. रुखवतात मुलीच्या हाताचं कौतुक तरी व्हायचं. बाकी लग्नात तिला विचारत कोण होतं?

आत्या : तेच म्हणते मी.

इथं दोघी हसल्या आणि चहा झाला. चहानंतर आत्या सावरून बसली. आता ती मुद्दे क्रमानं मांडणार, हे मला कळलं. फळ्यापुढे उभं राहिल्यासारखा तिचा उजवा हात वर येतो.

आत्या : हे काही आपल्याच शाळेचं खूळ नव्हतं. १८८४ साली पुण्यात हुजूरपागेची शाळा निघाली. तीनच वर्षांत टिळकांच्या 'मराठा' पत्रानं तिच्या अभ्यासक्रमावर टीकेची झोड उठवली. मुलींना मुलांसारखं इंग्रजी शिक्षण कशाला, त्यांना देशी भाषा, नीती, घरकाम, शिवण शिकवा, आणि शाळा तीन तासांची पुरे. म्हणजे ज्याला मुलींचं शिक्षण आखूड करायचं, तो कात्री आणत नाही. तो सुई आणतो.

आई : आणि ज्यांना मुलींचं शिक्षण वाढवायचं होतं, त्यांनी काय आणलं? त्यांनीही सुईच आणली. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तीमध्ये विणकाम होतं, शिवण होतं. रमाबाई रानड्यांच्या पुण्याच्या सेवासदनात १९०९ पासून शिवणाचे वर्ग होते. का होते? कारण पोटापाण्याचं होतं. आणि दुसरंही एक होतं. 'वाचायला शिकायला जाते' म्हटलं की घरात कपाळाला आठ्या पडायच्या, 'शिवण शिकायला जाते' म्हटलं की दार उघडायचं. एकदा दार उघडलं की आत गेल्यावर बाई काय काय शिकते, ते कोण बघायला येतंय?

आत्या : दार एवढंसं उघडायचं.

आई : एवढंसं तर एवढंसं. ७२च्या दुष्काळात आमच्या घरात तुमच्या भावाचा पगार तीन-तीन महिने थकलेला. सुकडी वाटायची तो काळ. तेव्हा या माजघरात मशीन टाकून मी गल्लीतले ब्लाउज शिवले. काजं हातानं केली, हुक हातानं लावले. पुढच्या वर्षी शिवणाचा कोर्स दाखवून शाळेत लागले. मॅटीवरच्या मोरानं नव्हे, पण ज्या तासाला मोर भरला त्याच तासाला शिकलेल्या काजानं हे घर चाललं. तुमच्या शिवणाच्या वहीत काज होतं ना?

होतं. ती वहीही माळ्यावरच्या ट्रंकेत आहे. जाड कागदाच्या एकेका पानावर हातभर नव्हे, चार बोटं रुंदीचे मांजरपाटाचे चौकोन चिकटवलेले. धावदोरा, टीप, उलटी टीप, हेम, मग साखळी, गहू टाका, मच्छी टाका, मग काज-बटण, हुक, चुण्या, रफू, चौकोनी ठिगळ. शेवटच्या पानावर बाहुलीला होईल एवढं झबलं. मोर काचेत जाऊन बसला, ठिगळाचा नमुना ट्रंकेत पडून राहिला. घरोघर असंच झालं असणार. उपयोगाचं काम वापरात झिजून गेलं, शोभेचं तेवढं भिंतीवर उरलं. आता आपण त्या भिंतीवरून जुन्या मुलींच्या शिक्षणाचा अंदाज बांधायला बसतो.

आत्या : वहिनी, तुला बार्शी लाइट आठवते?

आई : न आठवायला काय झालं? परांड्याहून बार्शीला आले ते मुळी त्या गाडीचं कौतुक ऐकत.

आत्या : १८९७ साली सुरू झाली. कॅलथ्रॉप साहेबाची. रूळ अडीच फुटांचे. गाडी सुंदर, डबे सुंदर, इंजिन सुंदर. पण कुर्डुवाडीला पोचली की संपलं. तिचा डबा मोठ्या रुळावर चढत नसे. बार्शीच्या कापसाची प्रत्येक गाठ तिथं उतरवायची आणि दुसऱ्या डब्यात भरायची. मुलींचं शिक्षण हे असं होतं. अरुंद रुळाचं. गाडी चालते आहे, शिट्टी वाजते आहे, सगळे टाळ्या वाजवतात. पण तुमचा डबा मुंबईपर्यंत जाणार नाही, अशी व्यवस्था पहिल्या दिवशीच रुळात करून ठेवलेली.

मला हे इतकं पटलं की आता आईकडे काही उत्तर नसेल असं वाटलं. आईनं एक चूक उपटली. वाटी वाजली.

आई : मोठी लाइन बार्शीवरून गेली होती का?

आत्या : नाही. कुर्डुवाडीवरून गेली. आपल्याला बाजूला टाकून. त्या स्टेशनाला तेव्हा बार्शी रोड म्हणत.

आई : म्हणजे बार्शी नावाचं स्टेशन होतं, पण बार्शीला गाडी नव्हती. मोठ्या रुळाची वाट बघत बसलो असतो तर किती वर्षं बसलो असतो?

आत्या : मोठा रूळ आला २००८ साली.

आई : एकशे अकरा वर्षं. गणित तुमचं.

आत्या काही बोलली नाही. मग म्हणाली, 'अरुंद रूळ टाकणाऱ्यानं तो रुंद करायला शंभर वर्षं का लावली, हेही विचार.' आई म्हणाली, 'विचारू की. पण रूळच टाकायला नको होता असं नाही म्हणणार.' दोघींचं बोलणं इथवर आलं तेव्हा बाहेर टमटमवाल्याचा हॉर्न वाजत होता आणि फळीवरच्या अर्ध्याहून अधिक चुका निघाल्या होत्या.

मी : या कापडाला मराठीत काय म्हणायचं? नमुना म्हणावं तर दुकानातला वाटतो.

आई : कित्ता. दुसरं काय? बाईंनी काढून द्यायचं, मुलीनं गिरवायचं.

आत्या : बरोबर शब्द सापडला. कित्त्यात गिरवणाऱ्याचं काय असतं? आमच्या वर्गात चाळीस मुली होत्या. चाळीस मोर झाले. सगळे डावीकडे बघणारे. माझी आजी वाकळ शिवायची, तिला कुणी कित्ता दिला नव्हता. जुन्या लुगड्यांचे तुकडे, तिच्या मनाला येईल तसे. आठवडी बाजारात लमाणी बायका यायच्या, त्यांच्या ओढणीवर आरसे, कवड्या, काय एकेक टाका. त्यातलं काही शाळेत विषय म्हणून नव्हतं. जे बायकांना आधीच येत होतं ते बाहेर ठेवलं आणि मोर शिकवला.

आई : हे मात्र मान्य. वाकळेचा टाका मी शाळेत शिकवू शकले असते. सुचलंच नाही. अभ्यासक्रमात नव्हता म्हणून सुचलं नाही.

आईनं असं इतक्या सरळ मान्य केलेलं मी फार कमी वेळा ऐकलं आहे. आत्यालाही ते अनपेक्षित असावं, कारण तिनं विषय थोडा सैल सोडला. ती संधी साधून मी एलिझाबेथ पार्करची गोष्ट सांगितली. ससेक्समधली गरीब घरची मुलगी, १८१३ सालचा जन्म. कोवळ्या वयात घरकामाला लागली. मालकानं छळ केला, अत्याचार केला. जीव द्यायचं मनात आलं. १८३०च्या सुमारास तिनं पांढऱ्या कापडावर लाल धाग्यानं, नुसत्या फुल्यांनी, आपली सगळी हकिकत भरली. फूल नाही, पक्षी नाही, चौकट नाही. फक्त ओळींखाली ओळी. शेवटचं वाक्य मध्येच तुटलेलं आहे आणि पुढचं कापड कोरं. ते कापड आज त्याच लंडनच्या संग्रहालयात आहे. शिवणाच्या तासाला शिकलेली तीच बाराखडी, कपड्यांवर खुणा घालायला शिकवलेली. तिनं ती स्वतःसाठी वापरली. पुढे ती शाळेत शिकवू लागली.

आत्या बराच वेळ गप्प होती.

आत्या : त्या पोरीकडे सांगण्यासारखं होतं आणि कागद नव्हता. माझ्याकडे कागद होता.

आई : तुमच्या कापडावरही तुमचं काहीतरी आहेच. नाव आहे.

आत्या : आहे ना. आणि त्या नावामुळेच हे इथं राहिलं. लग्नात रुखवतात मांडलं होतं. आमच्या सासूबाईंनी पाहिलं, मोर आवडला त्यांना. मग खाली नाव वाचलं. लग्नघरात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं माझं नवं नाव लिहून झालेलं. जुन्या नावाची चौकट सासरच्या भिंतीवर कशी लावायची? कुणी रागावलं नाही, बरं का. नुसतं म्हणाले, 'हे इथंच राहू दे, माहेरची आठवण म्हणून.' माझ्याच घरी माझं नाव लागलं नाही. तांदळातलं नाव तासाभरात पुसलं गेलं आणि तेच कागदोपत्री कायम झालं. हे फुल्यांनी भरलेलं, धुऊन न जाणारं, ते मात्र माहेरी येऊन बसलं.

मी चपापले. पन्नाशी गाठली तरी मी आत्याला तिच्या पहिल्या नावानं कुणी हाक मारलेली ऐकलेली नाही. बाबा 'ताई' म्हणायचे, आजी 'बाई' म्हणायची, सोलापूरला तिचं दुसरंच नाव आहे. ते तीन अक्षरी नाव माजघरात येता-जाता रोज डोळ्यांसमोर होतं आणि ते कुणाचं आहे, हा प्रश्न मला पडला नव्हता. लेख लिहिते आहे म्हटल्यावर तिनं पहिलंच बजावलं, 'नाव छापू नकोस.' का, ते नाही सांगितलं. मीही विचारलं नाही.

मी : मग हे टाकून कसं द्यायचं, आत्या? तुझ्या पहिल्या नावाची दुसरी वस्तू घरात आहे का?

आत्या : शाळा सोडल्याचा दाखला आहे. तेवढा पुरे.

आई : दाखला दुसऱ्याच्या अक्षरातला. हे तुमच्या हातचं.

तेवढ्यात शेवटची चूक निघाली. आईनं कापड फळीवरून अलगद सोडवलं आणि सवयीनं उलटं केलं. शिवणाच्या शिक्षिका कापड हातात आलं की आधी मागची बाजू बघतात. तिथं खोटं बोलता येत नाही. गाठी मारल्या की नाही, एका रंगावरून दुसऱ्या रंगावर जाताना धागा किती लांब ओढला, कुठं कंटाळा आला आणि कुठं घाई झाली, सगळं मागे असतं. आत्याच्या मोराची मागची बाजू जवळजवळ समोरच्या इतकीच स्वच्छ होती. आईनं मान डोलावली. मग ती थांबली आणि कापड खिडकीकडे धरलं.

आई : वन्सं, इथं काहीतरी उसवलंय.

खालच्या कोपऱ्यात, जिथं चौकटीच्या आतली पुठ्ठ्याची पट्टी यायची, तिथं मॅटीची भोकं ताणलेली होती. एकदा टाका घट्ट ओढला की ती पुरती मिटत नाहीत. भोकांच्या कडांना लाल धाग्याचे केसासारखे बारीक तंतू अडकून राहिले होते. आधी नुसता डाग वाटला. मग तिरप्या उजेडात तीन बाय तीनची चौकट दिसू लागली, आणि घराघरांत आकडे. मागून बघत असल्यामुळे सगळे उलटे.

आत्यानं चष्मा लावला. तिचा आवाज बदलला.

आत्या : यंत्र आहे ते. पंधराचं. भुसार पेठेत दिवाळीला दुकानाच्या दारावर शेंदरानं काढायचे, तिथं पाहिलं होतं. आडवी बेरीज पंधरा, उभी पंधरा, तिरकी पंधरा. घरी येऊन रात्रभर मांडून बघितलं होतं. मोराच्या कोपऱ्यात फूल भरायचं होतं, मी हे भरायला घेतलं. बाईंच्या लक्षात यायला दोन शनिवार गेले. शेवटचं घर राहिलं होतं. मारलं नाही हं त्यांनी. नुसतं म्हणाल्या, 'मोराकडे लक्ष दे.' आणि उसवायला लावलं. मी विसरले होते हे. साफ विसरले होते.

आई अजून कापड उलटंच धरून बसली होती. तिचं बोट ताणलेल्या भोकांवरून सरकत होतं.

आई : दोन, नऊ, चार. खाली सात, पाच, तीन. मग एक रिकामं, मग एक, मग आठ. रिकाम्या घरात सहा यायचा होता.

आत्या : तुला हे यंत्र माहीत होतं?

आई : छे. वरच्या दोन्ही ओळींची बेरीज पंधरा आली. आठ आणि एक नऊ. राहिले सहा.

आत्या : पण तू मागून वाचते आहेस, वहिनी. उजवीकडचं डावीकडे.

आई : मग काय झालं? मागून वाचलं तरी पंधराच की, वन्सं.

आत्यानं कापड तिच्या हातातून घेतलं. समोरून पाहिलं, मागून पाहिलं, पुन्हा समोरून पाहिलं. मोराबद्दल ती काही बोलली नाही. आईनं विचारलं, 'सहा भरून देऊ का? घरात लाल लडी आहे.' आत्या म्हणाली, 'नको.'

द्वादशीला आलेल्या पाहुण्यांनी भिंतीवरचा मोर कुठं गेला म्हणून विचारलं. आई म्हणाली, काच फुटली. कापड तोवर सोलापूरला गेलं होतं, स्वच्छ धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळून, आत्याच्या पिशवीत, सासरी. चौकट तिनं इथंच ठेवली. सागवानी आहे.